रोहित्राची नाडीपरीक्षा

कावेरीच्या शिवसमुद्रम धबधब्याजवळ १९०२ साली तयार झालेली वीज सुमारे दीडशे किलोमीटर दूर असलेल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींना पोचली आणि १९०५ साली तिनेच बंगळूरचे रस्ते उजळले. त्याच शहराच्या दक्षिणेस १९७८ साली कर्नाटक सरकारच्या 'किऑनिक्स' या महामंडळाने इलेक्ट्रॉनिक सिटी वसविण्यास आरंभ केला. तेथील संगणक अहोरात्र चालतात. परंतु त्यांना वीज पुरविणारे रोहित्र, म्हणजेच ट्रान्सफॉर्मर, कुंपणाआड मंद गुणगुणत उभे असते आणि ते बंद पडेपर्यंत त्याची आठवण कोणासही होत नाही.

या रोहित्राचे आयुष्य तांब्यावर किंवा पोलादावर अवलंबून नसते. ते कागदावर अवलंबून असते. त्यातील तारांच्या वेटोळ्यांना कागद गुंडाळलेला असतो आणि ती सारी तेलात बुडविलेली असतात. ११ हजार व्होल्टचा दाब एका बाजूस आणि ४३३ व्होल्टचा दुसऱ्या बाजूस असताना त्या दोहोंना परस्परांपासून व लोखंडी टाकीपासून अलग ठेवण्याचे काम हा कागद व हे तेल करतात. या अलगीकरणाला विद्युतनिरोधन म्हणतात.

निरोधनाचा मोठा शत्रू म्हणजे ओलावा. भार वाढला की तेल तापून फुगते, भार उतरला की निवून आकसते. त्याबरोबर रोहित्र हवा बाहेर टाकते आणि आत घेते. हवा कोरडी व्हावी म्हणून श्वसननळीत सिलिका जेलचे खडे ठेवतात. निळे खडे गुलाबी झाले, की त्यांची पाणी शोषण्याची शक्ती संपत आली असे समजावे. त्याकडे दुर्लक्ष झाले तर पावसाळ्यातील दमट हवा सरळ आत शिरते, आणि कागद तर पाण्याचा लोभी.

आतील हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. ते मोजावे लागते. त्यासाठी वापरावयाच्या यंत्राला सर्वत्र 'मेगर' म्हणतात. लंडनच्या एव्हरशेड आणि व्हिग्नोल्स या कंपनीने १९०३ साली हे नाव नोंदविले. पूर्वी त्याची मूठ हाताने फिरवावी लागे. आता ते बॅटरीवर चालते. तत्त्व मात्र तेच आहे. निरोधनावर एकदिश दाब द्यावयाचा आणि त्यातून झिरपणारा प्रवाह मोजावयाचा. ५००० व्होल्टला एका ॲम्पिअरचा केवळ ५ दशलक्षांश भाग झिरपला, तर रोध १००० मेगओहम झाला. एक मेगओहम म्हणजे दहा लक्ष ओहम.

चाचणीपूर्वी रोहित्र दोन्ही बाजूंनी पुरवठ्यापासून तोडतात आणि बुशिंगवरील धूळ पुसून काढतात. कारण मळलेल्या पृष्ठावरून वाहणारा प्रवाह आतील दोषाचा आभास निर्माण करतो. नंतर उच्चदाब व नीचदाब वेटोळ्यांमध्ये आणि प्रत्येक वेटोळे व टाकी यांमध्ये रोध मोजतात. एका मिनिटाचा आकडा दहाव्या मिनिटाच्या आकड्याशी ताडून पाहतात. निरोधन कोरडे असेल तर रोध वाढत जातो. तो जागच्या जागी राहिला, तर ओलाव्याची वा मळाची शंका घ्यावी.

परंतु एकटा आकडा फसवा असतो. तापमान दहा अंशांनी वाढले, की रोध ढोबळमानाने निम्मा होतो. गतवर्षी ३० अंशांवर १००० मेगओहम मिळाले आणि यंदा थंड सकाळी २० अंशांवरही १०००च मिळाले, तर नोंदवहीत काहीच बदल दिसत नाही. वास्तविक यंदाचा आकडा ३० अंशांवर ५००च भरला असता. निरोधन अर्ध्यावर आलेले आहे! म्हणून प्रत्येक नोंदीसोबत तापमान लिहिणे अत्यावश्यक ठरते.

या चाचणीलाही मर्यादा आहेत. एकाच वेटोळ्याचे दोन वेढे आपसांत चिकटले, तर मेगरला त्याचा पत्ता लागत नाही. त्यासाठी वेढ्यांचे प्रमाण तपासावे लागते. तेलाची ताकद वेगळी अजमावावी लागते. १९६० साली बंगळूर येथे स्थापन झालेल्या केंद्रीय विद्युत अनुसंधान संस्थेसारख्या प्रयोगशाळांत रोहित्रे याहून कठोर कसोट्यांना उतरतात. पण प्रयोगशाळेतून बाहेर पडल्यावर उभे आयुष्य पावसात काढणाऱ्या रोहित्राला साधा मेगर आणि नीट लिहिलेली वहीच सांभाळते.

शेवटची गोष्ट माणसाच्या जिवाची. चाचणी संपली तरी वेटोळ्यांत विद्युतभार साचून राहतो. ती पुरेसा वेळ भूमीशी जोडून ठेवल्यावाचून त्यांना हात लावणे प्राणघातक ठरू शकते. यंत्राची प्रकृती पाहणाऱ्याने प्रथम स्वतःची जपावी, हा या नाडीपरीक्षेचा पहिला आणि अखेरचा नियम होय.