बोलण्याआधी वाचणारी मुले

मूल आधी ऐकते, मग बोलते आणि शाळेत गेल्यावर वाचायला शिकते. हा क्रम उलटाही असू शकतो, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. पण १९८० मध्ये इंग्लंडमधल्या पोर्ट्समथच्या मानसशास्त्रज्ञ स्यू बकली यांना एका वडिलांचे पत्र आले. डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीला, सॅराला, लेस्ली डफेन यांनी तिसऱ्या वर्षापासून वाचायला शिकवले होते. त्यांचे म्हणणे होते, की सॅरा भाषा शिकली ती वाचता वाचता! अशा मुलांना वाचता येईल, अशी अपेक्षाच तेव्हा फारसे कोणी ठेवत नसे. बकलींनी मात्र यावर संशोधन सुरू केले.

हे घडते कसे? डाऊन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते. यातल्या अनेक मुलांना कमी ऐकू येते आणि ऐकलेला शब्द क्षणभर मनात धरून ठेवणेही त्यांना जड जाते. उच्चार संपला, की शब्द गेला! छापलेला शब्द मात्र जागचा हलत नाही, हवा तितका वेळ पाहता येतो. आणि पाहिलेले लक्षात ठेवणे या मुलांना तुलनेने सोपे जाते.

शिकवण्याची रीतही मोठी युक्तीची आहे. आईच्या फोटोखाली ‘आई’ लिहायचे आणि मुलाच्या हाती तशीच एक शब्दपट्टी द्यायची. ती त्याने ‘आई’वर ठेवली, की झाले जुळवणे. मग दोन पट्ट्या मांडून म्हणायचे, “‘आई’ दे बघू.” ही झाली निवड. शेवटी पट्टी दाखवून विचारायचे, “हे काय?” मूल अडले, तर त्याचा हात धरून बरोबर पट्टीवर न्यायचा. गंमत पाहा, पहिल्या दोन पायऱ्यांवर तोंडून एक अक्षरही काढावे लागत नाही, तरी वाचन सुरू झालेले असते!

अशी वाचायला शिकलेली काही मुले तर इंग्रजी ‘क्लोज्ड’ (बंद) हा शब्द पाहून ‘शट’ म्हणत. दिसायला दोन्ही शब्द अगदी वेगळे, पण अर्थ तोच. किती शहाणी चूक!

अर्थात ही जादू नव्हे. नुसते शब्द ओळखून भागत नाही, अक्षर आणि त्याचा आवाज यांची सांगडही घालावी लागते. इंग्लंडमध्येच ५७ मुलांवर झालेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. वीस आठवड्यांच्या रोजच्या शिकवणीनंतर मुलांचे शब्दवाचन आणि अक्षरांच्या आवाजांची ओळख सुधारली. शिकवलेले शब्द ती अधिक वापरू लागली, पण न शिकवलेल्या शब्दांत तशी भर पडली नाही. म्हणजे नवे शब्द सातत्याने शिकवत राहण्याला पर्याय नाही.

तेव्हा तुमच्या घरी किंवा वर्गात असे मूल असेल, तर ‘आधी नीट बोलू दे, मग वाचायचे बघू’ म्हणत वर्षे घालवू नका. त्याचे कान तपासून घ्या आणि त्याच्या आवडीचे चार शब्द ठळक अक्षरांत लिहून आजच सुरुवात करा.