स्वस्त ऑइल फिल्टरची पारख

मोटारीच्या मालकाला टायर झिजलेला दिसतो, बॅटरी उतरली की ती आपणहून सांगते, आणि ब्रेक करकरू लागले तर शेजाऱ्यालाही ऐकू जाते. इंजिनाच्या कुशीला बसवलेला पाण्याच्या पेल्याएवढा पत्र्याचा डबा मात्र चांगला आहे की वाईट, हे वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. आणि ज्या दिवशी येते, त्या दिवशी बहुधा इंजिन उघडून ठेवलेले असते. ऑइल फिल्टर या वस्तूची हीच अडचण आहे. तिच्या हलकेपणाची शिक्षा तिला भोगावी लागत नाही. ती भोगावी लागते क्रँकच्या बेअरिंगांना आणि पर्यायाने मालकाच्या खिशाला.

हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर १९५८ पासून २०१४ पर्यंत तयार होत होती. मारुती ८०० ही १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आली आणि तिचेही उत्पादन २०१४ मध्येच थांबले. पण कारखाना थांबला म्हणून गाडी थांबत नाही. नोंदणीची १५ वर्षे संपल्यावर तपासणी होऊन ५ वर्षांची मुदतवाढ मिळू शकते. काही शहरांचे निराळे नियम सोडले, तर इंदूर, बेळगाव, बडोदे, मडगाव अशा ठिकाणी वीस-पंचवीस वर्षांच्या मोटारी अद्यापि कुटुंबाच्या सेवेत आहेत. अशा गाडीचा मालक सुट्या भागांच्या दुकानात गेला, की त्याच्यापुढे तीन खोकी येतात. एक मोटार कंपनीच्या नावाचे, दुसरे फिल्टर बनवणाऱ्या एखाद्या परिचित कारखान्याचे, आणि तिसरे भडक रंगाचे, कधी न ऐकलेल्या नावाचे व किमतीने सर्वांत कमी. गाडीच मुळी फार किमतीची राहिलेली नसते. मग तिला महागाचा फिल्टर कशाला, असा विचार त्याच्या मनात आला तर त्यात नवल नाही.

परंतु केवळ किमतीवरून निकाल देणे दोन्ही बाजूंनी फसवे आहे. मोटार कंपन्या सहसा फिल्टर स्वतः बनवीत नाहीत. ते त्या कामात मुरलेल्या कारखान्यांकडून करवून घेतात. तोच कारखाना आपल्या स्वतःच्या नावाने तसाच माल कमी किमतीत विकीत असतो. म्हणजे दुसरे खोके स्वस्त असूनही पुष्कळदा पहिल्याच्या तोडीचे असते. उलटपक्षी, नक्कल करणारे लोक नक्कल करतात ती नामांकित खोक्याचीच. तेव्हा पारख करावयाची ती डब्याची, आणि डब्यात काय असते हे ठाऊक असल्याशिवाय ती करता येत नाही.

अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्घ यांनी १९२३ मध्ये मोटारीसाठी ऑइल फिल्टर तयार केला आणि ‘प्युअर ऑइल लेटर’ या शब्दांवरून त्याचे नाव ‘प्युरोलेटर’ ठेवले. सुरुवातीचे फिल्टर पंपाने ढकललेल्या ऑइलचा थोडा भागच गाळीत. उरलेले न गाळताच बेअरिंगांकडे जाई. पुढे सगळेच ऑइल फिल्टरमधून नेण्याची पद्धत रूढ झाली आणि १९५४ मध्ये विक्स या कंपनीने संपूर्ण डबाच आट्यांवर फिरवून बसवण्याची रचना आणली. आज ज्याला सर्वजण ऑइल फिल्टर म्हणतात तो हाच. त्याच्या बुडाच्या जाड चकतीवर कडेने लहान भोके असतात. त्यांतून ऑइल आत शिरते, घड्या घातलेल्या कागदाच्या नळकांड्यातून बाहेरून आत झिरपते, आणि मधल्या आट्यांच्या मोठ्या भोकातून इंजिनाकडे परत जाते. कागद साधा नसतो. तो राळेत भिजवून भाजून घट्ट केलेला असतो, नाहीतर गरम ऑइलात त्याचा लगदाच व्हावयाचा.

या कागदाने अडवावयाचे तरी काय? माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड, म्हणजे मिलिमीटरचा चौदावा हिस्सा. चालत्या इंजिनात बेअरिंग आणि क्रँक यांच्यामधला ऑइलचा पडदा काही ठिकाणी अवघ्या काही मायक्रॉनचा उरतो. त्यामुळे डोळ्यांना दिसणाऱ्या कचऱ्यापेक्षा ५ ते २० मायक्रॉनचे न दिसणारे धातूचे व धुळीचे कणच अधिक झीज करतात. खोक्यावर नुसते ‘२० मायक्रॉन’ छापलेले असेल, तर त्यावरून काहीच बोध होत नाही. त्या आकाराच्या १०० कणांपैकी ५० अडवणाराही तेच छापू शकतो आणि ९८ अडवणाराही. आयएसओ ४५४८ या मानकातील चाचणीत फिल्टरच्या अलीकडचे आणि पलीकडचे कण मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात. गुणोत्तर २ आले तर निम्मे कण अडले. ७५ आले तर शंभरात जवळजवळ ९९ अडले. हा आकडा जो कारखाना उघडपणे देतो, त्याच्यावर थोडा अधिक विश्वास ठेवण्यास हरकत नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट होईल. ऑइल चार दिवसांत काळे पडले, म्हणजे फिल्टर हलका, असे गॅरेजमध्ये सर्रास बोलले जाते. ते खरे नव्हे. काळेपणा येतो काजळीने, आणि काजळीचे कण एका मायक्रॉनहूनही बारीक असतात. ते कोणत्याच फिल्टरात अडत नाहीत, अडावेत अशी अपेक्षाही नसते. त्यांना तरंगत ठेवणे हे ऑइलाचेच काम आहे. तसेच ऑइलात मिसळलेले पेट्रोल, पाणी किंवा आम्ल यांपुढेही कागदाचा इलाज चालत नाही.

कागदाची जात दुकानात उभे राहून ओळखता येत नाही. मात्र स्वस्त मालात पहिली काटकसर होते ती कागदाआधी झडपांत, आणि त्या थोड्याफार पारखता येतात. बुडाच्या भोकांमागे रबराची एक पसरट झडप असते. इंजिन बंद झाल्यावर डब्यातले ऑइल परत खाली वाहून जाऊ नये, हे तिचे काम. ती कडक झाली किंवा नीट बसत नसली, की रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा डबा सकाळी रिकामा असतो. किल्ली फिरवल्यावर पंपाला आधी तो भरावा लागतो. तोवर ऑइलचा लाल दिवा विझत नाही आणि वरून टॅपेटची खडखड ऐकू येते. चांगल्या स्थितीतल्या इंजिनात हा दिवा लगेच जातो. फिल्टर बदलल्यापासून तो रोज सकाळी तीन-चार सेकंद अधिक रेंगाळू लागला, तर दोष नव्या डब्यात शोधावा. ते तीन-चार सेकंद किरकोळ वाटतात खरे; परंतु गाडी दिवसातून दोनदा जरी गार इंजिनावर सुरू झाली, तरी वर्षाकाठी सातशे वेळा बेअरिंगे कोरडी फिरली, असा त्याचा हिशेब आहे. ज्या गाडीत डबा आडवा किंवा उलटा बसतो तिच्यात ही झडप फार मोलाची. जिच्यात तो तोंड वर करून लोंबतो तिच्यात ऑइल आपोआपच डब्यात राहते.

ही झडप पाहावयाची असेल तर भोकातून काडीपेटीच्या काडीने हलकेच दाबावी. ती मऊपणे आत जाऊन लगेच जागेवर आली पाहिजे. काळे रबर उष्णतेने काही काळाने कडक होते. सिलिकोनचे अधिक टिकते. सिलिकोनची झडप बहुधा नारिंगी किंवा तांबडी असते, पण रंग हा पुरावा नव्हे. रबराला कोणताही रंग देता येतो.

दुसरी झडप स्प्रिंगची. कागद तुंबला, किंवा थंडीत ऑइल फार घट्ट झाले, तर इंजिन उपाशी राहू नये म्हणून ती उघडते आणि ऑइल न गाळताच पुढे सोडते. घाणेरडे ऑइल ऑइलच नसण्यापेक्षा बरे, असा हा व्यवहार आहे. हलक्या मालात ही स्प्रिंग इतकी दुबळी असते की झडप थोड्याशा दाबाने उघडीच राहते. मग कागद कितीही उत्तम असला तरी ऑइल त्याला वळसा घालून जाते आणि मालकाला काही कळत नाही. काही इंजिनांत ही झडप डब्यात नसून इंजिनातच असते. म्हणून ‘आटे जुळले, बसवा’ हा न्याय येथे चालत नाही. गाडीच्या पुस्तकातला क्रमांकच जुळला पाहिजे.

आट्यांचीही एक गंमत आहे, आणि ती चांगलीच महागात पडू शकते. अनेक जपानी धाटणीच्या गाड्यांत आटे २० मिलिमीटरचे असतात, तर इतर कित्येकांत पाऊण इंचाचे, म्हणजे १९ मिलिमीटरहून किंचित अधिक. मोठ्या आट्यांचा डबा लहान खुंटीवर सैलसा फिरून बसतोही. ऑइलचा दाब चढल्यावर तो धरून राहील याची मात्र शाश्वती नाही. डबा हाताने फिरवताना पहिल्या दोन वेढ्यांत डुगडुगला, तर तो परत करावा.

जुन्या अँबॅसडरच्या १४८९ सीसी इंजिनात प्रकार निराळा आहे. तेथे पत्र्याची वाटी कायम राहते आणि आतले कागदाचे नळकांडे तेवढे बदलतात. वाटीच्या तळाशी स्प्रिंग, पत्र्याची चकती आणि वॉशर अशी उतरंड असते. घाईत एखादा वॉशर जुन्या नळकांड्याला चिकटून कचऱ्यात गेला, तर नवे नळकांडे वर घट्ट टेकत नाही आणि ऑइल त्याच्या बाजूने सरळ निघून जाते. अशा वेळी फिल्टरची किंमत कितीही असो, तो नसल्यासारखाच.

दुकानात एवढे अवश्य पाहावे. डबा हलवला असता आत काही खुळखुळू नये. मधल्या भोकातून टॉर्चने पाहिले तर गंजाचा डाग किंवा आटे पाडताना उरलेला धातूचा चुरा दिसू नये. तो चुरा गाळलेल्या बाजूला असतो आणि थेट बेअरिंगात जातो. रबरी गॅस्केट खोबणीत सर्व बाजूंनी सारखे बसलेले आणि मऊ असावे. गोव्यासारख्या दमट, खाऱ्या हवेत दोन-तीन पावसाळे दुकानात काढलेला डबा नावाजलेला असला तरी घेऊ नये; खोक्याचा पुठ्ठा फुगला असेल तर तेच सांगतो. अस्पष्ट छपाई, नावातले एखादे चुकलेले अक्षर, बॅच क्रमांकाचा अभाव या नक्कलेच्या खुणा होत. वजनाला मात्र फार महत्त्व देऊ नये. जाड पत्र्याने डबा जड होतो, कागद वाढत नाही.

खरी परीक्षा होते ती काढलेल्या फिल्टरची. ऑइल निथळल्यावर डबा कापून उघडावा. हॅक्सॉने कापल्यास त्याचाच चुरा आत पडून घोटाळा होतो, म्हणून नळी कापण्याचे हत्यार किंवा पत्रा कापण्याची कात्री बरी. मग घड्या मोजाव्यात. ५ सेंटिमीटर उंच कागदाच्या, १ सेंटिमीटर खोल अशा ५० घड्या असतील, तर एका घडीला दोन अंगे धरून ५०० चौरस सेंटिमीटर कागद झाला. त्याच मापाच्या डब्यात ३० घड्या निघाल्या तर ३००. कागद कमी म्हणजे तो लवकर तुंबणार आणि स्प्रिंगची झडप लवकर उघडणार. घड्या एका बाजूला गोळा झाल्या असतील, सांध्याचा गोंद सुटला असेल किंवा टोकाच्या चकतीपासून कागद उकलला असेल, तर तो मार्का पुन्हा घेऊ नये. चकती पुठ्ठ्याची आहे एवढ्यावरून मात्र नाक मुरडण्याचे कारण नाही. कागदाला ती घट्ट चिकटलेली असली म्हणजे झाले. घड्यांत धातूची चकाकी आढळली, तर ती फिल्टरची निंदा नसून इंजिनाची तक्रार आहे.

नवा कागद थोडे कण सोडतो. त्याच्यावर मळ बसू लागला की तो अधिक बारीक गाळतो. म्हणून फिल्टर वरचेवर बदलण्यात लाभ नाही, आणि पुस्तकात दिलेल्या अंतरापलीकडे नेण्यात तोटा आहे. अपवाद एवढाच, की वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिलेल्या इंजिनात नवे, सफाईचे गुण असलेले ऑइल घातले तर साचलेला गाळ सुटू लागतो. तेव्हा पहिला फिल्टर लवकर, हजार-दीड हजार किलोमीटरांवर काढावा. आणि येथे परिचित कारखान्याचा स्वस्त फिल्टर घेणे हेच शहाणपणाचे.

बसवताना जुने गॅस्केट इंजिनाला चिकटून राहिले नाही ना, हे बोटाने चाचपून पाहावे. एकावर एक दोन गॅस्केटे बसली, तर दाब चढताच सगळे ऑइल रस्त्यावर येते. नव्या गॅस्केटाला ऑइलचे बोट लावावे, डबा टेकेपर्यंत हाताने फिरवावा आणि मग पाऊण वेढा आणखी द्यावा. पाना काढण्यासाठी असतो, आवळण्यासाठी नव्हे. इंजिन दोन मिनिटे चालवून, बंद करून, खाली वाकून पाहावे, आणि डब्यावर पक्क्या शाईने तारीख व किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा.