हात थांबवून बघा

सोसायटीच्या गेटपाशी संध्याकाळी हमखास दिसणारं दृश्य. पट्टा लावलेला लॅब्रेडॉर फिरायला निघालेला असतो. खेळणारी पोरं धावत येतात. "काका, चावतो का हो?" "छे रे, एकदम गरीब आहे!" पाठोपाठ चार-पाच हात एकदम त्याच्या डोक्यावर. कुत्रा मान खाली घालतो, नाकावरून झटकन जीभ फिरवतो, तोंड वळवून जांभई देतो. "झोप आलीय त्याला," काका म्हणतात.

झोप वगैरे काही नसते. नॉर्वेच्या श्वान-प्रशिक्षक टूरिड रुगोस यांनी अशा खुणा 'कामिंग सिग्नल्स' या नावानं लोकांपुढे आणल्या. ओठ चाटणं, जांभई, नजर चुकवणं ही कुत्र्याची 'जरा सबुरीनं घ्या' म्हणण्याची रीत. त्याच्या डोळ्याच्या कडेला पांढरी चंद्रकोर दिसू लागली आणि अंग ताठ झालं, तर हात तिथंच आवरायचा.

मराठीत हाताच्या मायेला शब्द भरपूर: टपली, थोपटणं, गोंजारणं, कुरवाळणं, खाजवणं. कुत्र्याच्या लेखी मात्र हे सगळे सारखे नाहीत. टपली आपल्यात लाडाची. पण डोक्यावर वरून येणारा अनोळखी पंजा कुणाला आवडेल? २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात कुत्र्यांना अंगावर ठिकठिकाणी हात लावून पाहिला. डोकं आणि पंजे यांपेक्षा छाती आणि मानेची बाजू त्यांना बरी वाटत होती. म्हणून बाजूला, थोडं तिरकं बसावं, कुत्र्याला जवळ येऊन वास घेऊ द्यावा आणि मग हनुवटीखाली, छातीवर, कानाच्या मुळाशी सावकाश खाजवावं. केस वाढतात त्याच दिशेनं.

आणि तीन-चार सेकंदांनी हात काढून घ्यावा. खरी गंमत इथं आहे. हवं असेल तर कुत्रा अंग टेकवतो, नाकानं हात वर ढकलतो, काही जण तर पंजानं मनगट ओढतात. नको असेल तर अंग झाडतो आणि उठून जातो. गेला तर जाऊ द्यावं. "अरे ये ना" म्हणत मागे लागू नये.

बरं, नुसत्या कौतुकाच्या शब्दांवर कुत्रा खूश होतो का? अमेरिकेतल्या एरिका फॉयरबाकर आणि क्लाइव्ह विन यांनी हे तपासलं. एक माणूस गोंजारणारा, दुसरा तोंडानं शाबासकी देणारा. कुत्रे गोंजारणाऱ्याकडेच रमले आणि त्यांना त्याचा कंटाळाही येईना. 'शहाणं बाळ'वाल्यांनी मनाला लावून घेऊ नये.

पोटाचं प्रकरण जरा फसवं. अंग सैल, तोंड उघडं, शेपूट मोकळी असेल तर पोट खाजवणं हेच मागणं. पण ओठ घट्ट मिटलेले आणि शेपूट पायांत असेल, तर ते लोळणं म्हणजे 'मला सोडा' अशी विनवणी असते. खाजवताना मागचा पाय हवेत फडफडतो, त्यावरूनही सुख मोजता येत नाही. ही मज्जारज्जूतून चालणारी प्रतिक्षिप्त क्रिया आहे. चार्ल्स शेरिंग्टन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तिचा सखोल अभ्यास केला होता.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचा हिशेब वेगळा. जेवणारा, झोपलेला किंवा पिल्लांजवळचा कुत्रा असेल, तर लांबूनच राम राम. दात किंवा नख लागलंच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवावी आणि लगेच दवाखाना गाठावा. रेबीजच्या बाबतीत हळद-चुन्यावर विसंबणं जिवावर बेतू शकतं.

चहाच्या टपरीवर एखादा असा असतोच, जो रोज बिस्किट घेतो, पण हात पुढे आला की दोन पावलं मागे सरकतो. मग सगळे आपापल्या गप्पांत गुंतले की हळूच येऊन ओळखीच्या गिऱ्हाइकाच्या चपलेवर हनुवटी टेकवतो.