घरचा मसाला : निवड, भाजणी, कुटणी, साठवण

महाराष्ट्रात वर्षाचा मसाला उन्हाळ्यात होतो. नवी लाल मिरची बाजारात आलेली असते, ऊन कडक असते आणि हवा कोरडी असते. पाऊस लागला की हे दिवस हातचे जातात. त्यामुळे मार्चपासून मेअखेरपर्यंत मिरची-धण्यांची खरेदी, वाळवण, भाजणी आणि कुटणी ही कामे ओळीने चालतात. मुंबईत लालबागच्या मिरची गल्लीत मिरची निवडून घेण्यापासून कुटलेला मसाला पिशवीत पडेपर्यंतचे सगळे काम एका फेरीत उरकते.

मसाल्याची यादी घराघरांत जपलेली असते. तरीही एकाच यादीवरून दोन घरांत केलेला मसाला सारखा उतरत नाही. मिरची कोणती घेतली, जिन्नस किती वाळले, कोणता किती भाजला आणि मसाला कसा ठेवला, यांवर चव ठरते. प्रमाण थोडे इकडेतिकडे झाले तर खपते. करपलेली मिरची किंवा खवट खोबरे मात्र लपत नाही.

मसाल्याची घडण

मिश्र मसाल्यातले जिन्नस कामानुसार तीन गटांत पडतात. पहिला गट पायाचा : धणे, मिरची, सुके खोबरे, तीळ, खसखस. मसाल्याचे वजन आणि रश्शाचा दाटपणा यांच्यातून येतो. दुसरा गट सुगंधाचा : लवंग, दालचिनी, मिरी, वेलची, मसाला वेलची, जायपत्री, चक्रीफूल, शहाजिरे, तमालपत्र, नागकेशर, दगडफूल. हे जिन्नस थोडेच लागतात, पण मसाल्याची ओळख त्यांच्यावर ठरते. तिसरा गट रंगाचा आणि टिकाऊपणाचा : हळद, हिंग, मीठ.

सुगंधी जिन्नसांचा वास त्यांच्यातल्या उडून जाणाऱ्या तेलांमुळे येतो. लवंगेत युजेनॉल, दालचिनीत सिनॅमाल्डिहाइड, धण्यात लिनालूल, जिऱ्यात क्युमिनाल्डिहाइड हे मुख्य घटक असतात. अख्ख्या दाण्यात किंवा सालीत ही तेले पेशींच्या आत बंद राहतात. दाणा फुटला की ती हवेला उघडी पडतात आणि हळूहळू उडू लागतात. म्हणून अख्खे जिन्नस दोन-तीन वर्षे वास धरून ठेवतात, तर पूड सहा महिने ते वर्षभरात फिकी पडते. भाजणीपासून साठवणीपर्यंतचे बहुतेक नियम या एका गोष्टीतून निघतात.

दगडफुलाची गोष्ट थोडी वेगळी आहे. बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनातून झाडांच्या सालींवर व खडकांवर ते वाढते. वरून करडे, खालून काळसर आणि कागदासारखे चुरचुरीत असे ते दिसते. कच्चे असताना त्याला फारसा वास नसतो. तेलावर गरम झाले की मातकट, धुरकट वास सुटतो. गोड्या मसाल्याचा खास वास बराचसा त्याचाच. त्यात सालीचे तुकडे आणि माती अडकलेली असते, म्हणून ते उलगडून, झटकून, नीट निवडून घ्यावे लागते.

मिरचीची निवड

मिरची मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात ती पोर्तुगिजांबरोबर भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आली. त्याआधी तिखटाचे काम मिरी, पिंपळी आणि सुंठ करत. आज मात्र मालवणी, कोल्हापुरी, आगरी-कोळी अशा बहुतेक तिखट मसाल्यांचा पाया मिरचीच आहे.

मिरचीचा रंग आणि तिखटपणा या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. लाल रंग मुख्यतः कॅप्सॅन्थिन या रंगद्रव्याचा, तर तिखटपणा कॅप्सेसिनचा. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातील ब्याडगी गावाच्या नावाने ओळखली जाणारी मिरची गडद रंग देते, पण बेताचीच तिखट असते. तिच्या सालीवर सुरकुत्या असतात आणि बियाही कमी. २०११ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. बेळगाव जिल्ह्यातली संकेश्वरी तिखटपणा आणि स्वाद दोन्ही देते. आंध्रातली गुंटूर आणि आकाराने बारीक लवंगी मिरची झणझणीत तिखट. विदर्भात भिवापुरी मिरचीला मान आहे. म्हणून मसाल्यात सहसा एकच मिरची घालत नाहीत. रंगासाठी ब्याडगी किंवा काश्मिरी आणि तिखटासाठी संकेश्वरी, गुंटूर किंवा लवंगी, अशी जोडी घरच्यांना झेपेल त्या प्रमाणात लावतात.

घेताना मिरची चकचकीत, देठासकट आणि हलवल्यावर खुळखुळणारी असावी. फोडून पाहिल्यावर आत करडी किंवा काळी बुरशी दिसली तर तो माल घेऊ नये. दमट मिरचीवर वाढणाऱ्या काही बुरशा अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात आणि ते घरगुती भाजणीने नाहीसे होत नाही. अशा मिरच्या वेचून टाकाव्यात. ऊन दाखवून चालवून घेऊ नयेत.

घरी मसाला करण्याचे एक मोठे कारण भेसळ हे आहे. तिखटात विटेची भुकटी किंवा रंग, हळदीत मेटॅनिल यलो किंवा लेड क्रोमेट, मिऱ्यात पपईच्या बिया, अशा भेसळी होत आल्या आहेत. अख्खा जिन्नस डोळ्यांनी पारखता येतो, पूड येत नाही. काही चाचण्या घरीही जमतात. पेलाभर पाण्यावर तिखट भुरभुरले की कृत्रिम रंगाच्या रेघा लगेच खाली उतरताना दिसतात, आणि वाळू-विटेची पूड तळाशी बसते. अस्सल हिंग पाण्यात कालवला तर पाणी दुधाळ होते.

वाळवण आणि भाजणी

धणे, जिरे, तीळ पाखडून, खडे-काड्या काढून घ्यावेत. मिरच्यांचे देठ ऊन दिल्यावर खुडावेत. तेव्हा ते सहज तुटतात. मिरच्या दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवतात. मुठीत दाबल्यावर त्या चुरल्या पाहिजेत. धण्यांना आणि खड्या मसाल्याला एक-दोन उन्हे पुरतात. पानांना मात्र ऊन नको. कढीपत्ता, पुदिना, मेथी, गवती चहा ही पाने धुऊन, पुसून सावलीत, वारा लागेल अशा जागी वाळवावीत. उन्हात त्यांचा हिरवा रंग उडतो आणि वासही कमी होतो.

भाजणीचा मुख्य नियम असा की प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. दालचिनीचा तुकडा जाड, जिरे बारीक, तीळ तेलकट आणि तमालपत्र कागदासारखे पातळ असते. सगळे एकत्र कढईत घातले तर दालचिनी गरम होईपर्यंत जिरे जळून जातात. भाजल्याने उरलेला ओलावा जातो, जिन्नस ठिसूळ होतो आणि उष्णतेमुळे नवे खमंग घटक तयार होतात. आच मंदच हवी आणि कढई जाड बुडाची.

भाजण्याच्या दोन पद्धती आहेत. धणे, जिरे, तीळ, खसखस, खोबरे कोरडेच भाजतात. लवंग, दालचिनी, मिरी, दगडफूल, तमालपत्र, नागकेशर हे थोड्याशा तेलावर परततात. तेलामुळे उष्णता सगळीकडे सारखी पोचते आणि वास तेलात उतरतो. लवंग फुगली, तमालपत्र हातात मोडू लागले, तीळ तडतडले, धण्यांचा रंग एक छटा गडद झाला की त्या-त्या जिन्नसाची वेळ भरली. खडा हिंग तेलात तळून फुलवतात. हळकुंडे तेलात तळून घेतात, किंवा सरळ हळदपूड शेवटी मिसळतात. मिरची सर्वांत शेवटी, खिडक्या उघड्या ठेवून भाजावी. तिचा ठसका घरभर होतो आणि कढई जरा जास्त तापली तरी ती काळी पडून कडवट होते.

खोबऱ्यात वजनाच्या निम्म्याहून अधिक तेल असते. ते नीट भाजले नाही तर मसाला लवकर खवट होतो. खोबरे किसून, सतत हलवत, सगळीकडे सारखे तांबूस होईपर्यंत भाजतात. काळ्या मसाल्यासाठी ते आणखी पुढे, गडद तपकिरी रंगावर नेतात.

गोडा मसाला : एक नमुना

गोडा मसाला नावाला गोडा असला तरी त्यात साखर-गूळ नसतो. तिखट बेताचे आणि खोबरे-तिळाचा सौम्यपणा हे त्याचे लक्षण. घरगुती बेताचे एक प्रमाण असे : धणे २५० ग्रॅम, सुके खोबरे १०० ग्रॅम, तीळ ५० ग्रॅम, जिरे ५० ग्रॅम, सुक्या लाल मिरच्या २५ ग्रॅम, लवंग, दालचिनी, मिरी, शहाजिरे, दगडफूल आणि तमालपत्र प्रत्येकी १० ग्रॅम, नागकेशर, चक्रीफूल आणि मसाला वेलची प्रत्येकी ५ ग्रॅम, हळद दोन चमचे, हिंग एक चमचा आणि चवीपुरते भाजलेले मीठ.

वर सांगितल्याप्रमाणे सगळे वेगवेगळे भाजून पसरट ताटात पूर्ण गार करावे. आधी कडक खडा मसाला बारीक करावा, मग धणे-जिरे-मिरच्या, आणि शेवटी तीळ व खोबरे. तेलकट जिन्नस आधी घातले तर भांड्याला लगदा चिकटतो आणि दालचिनी-लवंगेचे कण तसेच राहतात. सगळे मिसळून चाळावे. चाळणीवर उरलेला जाडसर भाग पुन्हा फिरवावा.

कुटणी

मोठ्या प्रमाणावरचा मसाला कांडपावर किंवा डंक्यावर नेतात. तिथे लोखंडी मुसळ उखळात पडत राहते आणि जिन्नस कुटले जातात. घरचा मिक्सर फार वेगाने फिरतो. घर्षणाने पूड तापते आणि सुगंधी तेले तिथेच उडू लागतात. म्हणून मिक्सरवर थोडे-थोडे घालून, थांबत-थांबत फिरवावे. भांडे हाताला गरम लागले की विश्रांती द्यावी. कुटलेला किंवा दळलेला मसाला कागदावर पसरून गार केल्याशिवाय बरणीत भरू नये. आत वाफ धरली तर गुठळ्या होतात.

प्रांतोप्रांतीचे मसाले

मालवणी मसाल्यात मिरची आणि धणे यांचे राज्य असते. १ किलो मिरचीला साधारण अर्धा किलो धणे, आणि बडीशेप, लवंग, दालचिनी, मिरी, दगडफूल, चक्रीफूल यांसारखे जिन्नस थोडे-थोडे पडतात. खोबरे बहुधा नसते, कारण कोकणी रश्शात ओल्या नारळाचे वाटण वेगळे घालतातच. माशांच्या आमटीत तिरफळही मसाल्यात न कुटता ठेचून आयत्या वेळी टाकतात.

कोल्हापूर, सांगली, सातारा भागातल्या कांदा-लसूण मसाल्यात उन्हात वाळवून तळलेला कांदा, लसूण, सुके खोबरे, कोथिंबीर आणि भरपूर तिखट असते. हा मसाला ओलसर असतो. त्यामुळे कांदा खणखणीत वाळणे, तो कुरकुरीत तळणे आणि मीठ-तेलाचे प्रमाण यांवर त्याचे आयुष्य अवलंबून राहते. खानदेशी काळा मसाला खोबरे आणि खडा मसाला गडद भाजून होतो, आणि भाजीत त्याच्या जोडीला विस्तवावर भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचे वाटण येते. मुंबई-वसई भागातल्या ईस्ट इंडियन समाजाचा बॉटल मसाला वीसहून अधिक जिन्नसांचा असतो. गडद रंगाच्या बाटल्यांत काठीने ठासून भरण्याच्या रिवाजावरून त्याला हे नाव पडले.

मेतकूट या सगळ्यांत निराळे. हरभऱ्याची डाळ, उडीद डाळ, तांदूळ, थोडे गहू, धणे, जिरे, मेथी, मोहरी भाजून, सुंठ, हळद, हिंग घालून ते दळतात. मेथी जरा जास्त झाली की कडू होते, म्हणून ती चमच्याच्या मापानेच घेतात. मऊ भात, मेतकूट आणि तूप हे आजारपणातले आणि लहान मुलांचे नेहमीचे जेवण.

साठवण आणि वापर

मसाल्याचे चार शत्रू : ओलावा, उजेड, उष्णता आणि हवा. ओलाव्याने बुरशी येते, उजेडाने मिरची-हळदीचा रंग फिका पडतो, उष्णतेने सुगंध उडतो आणि हवेने तेले खवट होतात. बरणी काचेची किंवा चिनी मातीची, धुऊन उन्हात पूर्ण वाळवलेली असावी. मसाला थराथराने दाबून भरतात, म्हणजे मध्ये हवा राहत नाही. तळाशी आणि वर खडा हिंग व खडे मीठ ठेवण्याची रीत आहे. झाकणाखाली कापडाचा दादरा बांधतात. रोजच्या वापरासाठी छोटी बरणी वेगळी भरावी. मोठी बरणी वारंवार उघडू नये. चमचा कोरडाच हवा, आणि उकळत्या पातेल्यावर धरून बरणीतून मसाला ओतू नये, कारण वाफ थेट आत जाते. खोबरे किंवा कांदा असलेला मसाला हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये अधिक दिवस टिकतो. लहान कुटुंबाने वर्षाचा मसाला एकदम करण्यापेक्षा अख्खे जिन्नस वाळवून ठेवावेत आणि दोन-तीन महिन्यांपुरता मसाला करत जावा.

मसाला कधी घालायचा हेही त्याच्या घडणीवर ठरते. कॅप्सेसिन आणि मिरचीचा रंग तेलात उतरतात, पाण्यात फारसे नाही. म्हणून मालवणी किंवा कांदा-लसूण मसाला आच कमी करून तेलात परततात, तेव्हाच रश्शावर तर्री येते. गोडा मसाला आमटी-भाजीला उकळी येताना घालतात. त्याचा वास जपायचा असतो आणि खोबऱ्या-तिळाने रस मिळून यायचा असतो. गरम मसाल्यात सुगंधी जिन्नसच अधिक असल्याने तो शेवटी, गॅस बंद करता-करता घालून झाकण ठेवावे.