गावठी अंडी आणि घरचा केक

परसात मोकळी हिंडणारी कोंबडी दिवसभर माती उकरते, कोवळे गवत टिपते, किडेमुंग्या वेचते आणि मनास येईल त्या आडोशाला अंडे घालते. भारतातील खेड्यापाड्यांत हे दृश्य आजही नित्याचे आहे. शहरांतही अशा अंड्यांना मागणी असून त्यांना पोल्ट्रीतील अंड्यांहून अधिक किंमत पडते. मुलाच्या वाढदिवसाला घरीच केक करावयाचा आणि तोही गावठी अंड्यांचा, असे अनेक कुटुंबांत हौसेने ठरते. पुष्कळदा मात्र निराशा पदरी येते. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे मैदा, साखर, लोणी आणि चार अंडी घेऊनही केक कोरडा होतो. सुरी लावताच त्याचा चुरा होतो. मग दोष अंड्याला दिला जातो, नाही तर करणाऱ्याच्या हाताला. वस्तुतः दोष या दोहोंपैकी कोणाचाच नसतो. चूक झालेली असते ती मापात.

संख्या आणि वजन

पाककृतीत जेव्हा 'चार अंडी' असे लिहिलेले असते, तेव्हा लेखकाच्या डोळ्यांपुढे बहुधा पोल्ट्रीतील, सुमारे 55 ग्रॅम वजनाचे अंडे असते. गावठी कोंबडीचे अंडे साधारणतः 40 ग्रॅमच्या आसपास भरते. तलंगेची पहिलीवहिली अंडी तर त्याहूनही लहान असतात. उलट, परसात पाळण्यासाठी हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संस्थेने तयार केलेल्या वनराजा व ग्रामप्रिया यांसारख्या कोंबड्यांची अंडी गावठी अंड्यांहून मोठी असतात. म्हणजे एकाच टोपलीतील अंडी एका वजनाची असतील, असा भरवसा मोकळ्या कोंबड्यांच्या बाबतीत देता येत नाही.

आता हिशेब पाहावा. चार मोठ्या अंड्यांचे वजन 220 ग्रॅम होते. चार गावठी अंड्यांचे 160 ग्रॅम. मैदा मात्र पहिल्या मापाने घेतला, तर मिश्रणात 60 ग्रॅम अंडे कमी पडते. अंड्याचा चतुर्थांशाहून मोठा वाटा अशा रीतीने नाहीसा होतो. अंड्याच्या आतील भागात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते. त्यामुळे अंडे कमी पडले की पाणीही कमी पडते, आणि केक कोरडा होण्याचे पहिले कारण येथेच सापडते.

यावरील उपाय जुनाच आहे. अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये 'पौंड केक' नावाचा केक करीत. त्यात मैदा, लोणी, साखर आणि अंडी हे चारही जिन्नस एकेक पौंड घेत. अंड्यांची संख्या कितीही भरो, वजन ठरलेले असे. हीच रीत पुढे घरगुती केकसाठी रूढ झाली: आधी अंडी कवचासह तोलावयाची, मग तितक्याच वजनाचे इतर तीन जिन्नस घ्यावयाचे. गावठी अंड्यांसाठी याहून सोयीचा नियम नाही. अंडी मोजू नयेत, तोलावीत.

केकमध्ये अंड्याचे कार्य

अंडे केकमध्ये केवळ पाणी पुरवीत नाही. ते आणखी तीन कामे करते आणि तिन्ही कामे त्याच्या रासायनिक घडणीतून उद्भवतात.

पहिले काम हवा धरून ठेवण्याचे. अंड्याचा पांढरा बलक म्हणजे सुमारे नऊ भाग पाणी आणि एक भाग प्रथिने. प्रथिनांचे रेणू सुताच्या गुंड्यांसारखे गुंडाळलेले असतात. अंडे फेटताना या गुंड्या उलगडतात, एकमेकींत गुंततात आणि हवेच्या बुडबुड्यांभोवती त्यांचे पातळ अस्तर तयार होते. स्निग्ध पदार्थाचा अंश मिसळला तर हे अस्तर नीट बनत नाही. म्हणूनच नुसता पांढरा बलक फेटावयाचा असेल, तेव्हा त्यात पिवळ्याचा थेंबही जाऊ देत नाहीत. लिंबाच्या रसाचे दोनतीन थेंब घातल्यास मात्र फेस अधिक टिकतो.

दुसरे काम तेल व पाणी यांची सांगड घालण्याचे. पिवळ्या बलकात लेसिथीन नावाचा पदार्थ असतो. थिओडोर गोब्ले या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अंड्याच्या बलकातून वेगळा केला, आणि बलकाच्या ग्रीक नावावरूनच त्याचे नाव पडले. लेसिथीनच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढले जाते, तर दुसरे स्निग्ध पदार्थाकडे. त्यामुळे लोण्याचे सूक्ष्म कण पाण्यात विखुरलेले राहतात आणि मिश्रण फाटत नाही.

तिसरे काम केकला आकार देण्याचे. सुमारे 60 अंश सेल्सियसच्या पुढे पांढरा बलक आणि त्यानंतर पिवळा बलक साकळू लागतो. साखर मिसळली असता हे साकळणे लांबणीवर पडते आणि फुगण्यास अवधी मिळतो. भट्टीत मिश्रण तापू लागले की बुडबुड्यांतील हवा प्रसरण पावते. 30 अंशांवरील हवा 100 अंशांपर्यंत तापवली, तर तिचे आकारमान शेकडा 23ने वाढते. त्यात पाण्याच्या वाफेची भर पडते. बुडबुडे फुगून पुरते ताणले जातात, नेमक्या त्याच सुमारास त्यांच्या भिंतींतील प्रथिने साकळून घट्ट होतात आणि मैद्यातील पिष्ट पाणी शोषून फुलते. ओल्या फेसाचा असा टिकाऊ स्पंज बनतो. अंडे कमी असेल तर या भिंती दुबळ्या राहतात. केकचा चुरा होण्याचे दुसरे कारण हे होय.

अंड्याचे हे महत्त्व एका प्रसिद्ध शोधामागेही दिसून येते. बर्मिंगहॅम येथील औषधविक्रेते आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीस अंडी आणि यीस्ट सोसत नसत. त्यांच्यासाठी बर्ड यांनी 1837 मध्ये अंड्याविना होणारे कस्टर्ड आणि 1843 मध्ये बेकिंग पावडर तयार केली. आज ती घरोघरी वापरली जाते. तथापि तिच्याविषयी एक गैरसमज आढळतो. बेकिंग पावडर नवे बुडबुडे उत्पन्न करीत नाही. लोणी, साखर आणि अंडी फेटताना जे बुडबुडे मिश्रणात शिरतात, तेच ती आपल्या वायूने मोठे करते. फेटण्यात केलेली कसूर पावडरीचा आणखी एक चमचा घालून भरून निघत नाही.

ताजेपणाची पारख

मोकळ्या कोंबडीच्या अंड्याविषयी एक खरी अडचण असते. कोंबडीने कुंपणापाशी घातलेले अंडे आज सापडले, म्हणून ते आजचेच असेल असे नाही. अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाण्याची वाफ व कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर जातो आणि हवा आत येते. परिणामी रुंद टोकाकडील हवेची पोकळी वाढत जाते, तर पांढरा बलक पातळ होतो.

यावरूनच ताजेपणाची सोपी परीक्षा करता येते. भांडेभर पाण्यात अंडे सोडावे. ताजे अंडे तळाशी आडवे पडते. काही दिवसांचे अंडे रुंद टोक वर करून तिरपे किंवा उभे राहते. फार जुने अंडे तरंगते, आणि ते टाकून द्यावे. ही परीक्षा अंड्याचे वय सांगते. त्यात रोगजंतू आहेत की नाहीत, हे सांगत नाही.

कळपात कोंबडा असेल तर अंडी फलित असण्याचा संभव असतो. अंडी उबविण्यास सुमारे 37.5 अंश तापमान आणि 21 दिवस लागतात. परंतु कडक उन्हाळ्यात गर्भाची वाढ त्याआधीच, अंडे नुसते पडून असतानाही, सुरू होऊ शकते. यास्तव अंडी रोजच्या रोज गोळा करून थंड जागी ठेवावीत. प्रत्येक अंडे आधी वेगळ्या वाटीत फोडून मगच मिश्रणात घालावे. एका नासक्या अंड्यापायी सर्व जिन्नस वाया जाऊ नयेत, यासाठी एवढी खबरदारी पुरेशी आहे.

रंगावरून किती ओळखावे?

गावठी अंड्याच्या केकला सोनेरी छटा येते आणि तीच पौष्टिकतेची खूण मानली जाते. बलकाचा रंग कोंबडीच्या आहारातून येतो. हिरवा पाला, गवत आणि पिवळा मका यांतील रंगद्रव्ये कोंबडी बलकात साठविते. ती स्वतः तयार करू शकत नाही. मात्र पिंजऱ्यातील कोंबडीच्या खाद्यात झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क मिसळला, तरी तिच्या अंड्यातील बलक असाच गडद होतो. यास्तव केवळ रंग हा मोकळेपणाचा पुरावा नव्हे. कवचाचा तपकिरी वा पांढरा रंगही कोंबडीच्या जातीवर अवलंबून असतो; त्यावरून पोषणमूल्य ठरत नाही.

उन्हात वावरणाऱ्या कोंबड्यांच्या अंड्यांत ड जीवनसत्त्व अधिक असल्याचे प्रयोगांत दिसून आले आहे. प्रथिनांच्या बाबतीत मात्र दोन्ही अंडी जवळपास सारखीच असतात. जास्त किंमत देणाऱ्या कुटुंबाला ताजे अंडे, मोकळी वाढलेली कोंबडी आणि शेजारच्या पाळणाऱ्याला मिळणारे चार पैसे यांचे मोल वाटत असेल, तर ती किंमत योग्यच म्हणावी. अपुऱ्या मिळकतीत मुलांना अंडे खाऊ घालणाऱ्या आईने मात्र पोल्ट्रीतील अंडे हलके समजून मनास लावून घेण्याचे कारण नाही.

प्रत्यक्ष कृती

चार गावठी अंडी कवचासह तोलावीत. ती 160 ग्रॅम भरली, तर मैदा, पिठीसाखर आणि मिठाविना लोणी प्रत्येकी 160 ग्रॅम घ्यावे. एक सपाट चहाचा चमचा बेकिंग पावडर मैद्यात मिसळून मैदा दोनदा चाळावा. लोणी व अंडी थंडगार नसावीत. शीतकपाटातील असल्यास अर्धा तास आधी बाहेर काढावीत, कारण थंड अंडे घालताच लोणी आळते आणि मिश्रण फाटते.

लोणी व साखर फिकट रंगाची आणि हलकी होईपर्यंत फेटावी. नंतर एकेक अंडे घालून दर वेळी चांगले फेटावे. शेवटी मैदा घालून चमच्याने हलक्या हाताने, केवळ एकजीव होईपर्यंत कालवावे. या वेळी अधिक घोटल्यास मैद्यातील ग्लुटेनचे चिवट जाळे तयार होते आणि केक रबरासारखा लागतो. मिश्रण फार घट्ट वाटल्यास चमचाभर दूध घालावे. लोणी लावलेल्या सुमारे 18 सेंटिमीटर व्यासाच्या डब्यात ते ओतून 180 अंशांवर सुमारे 40 मिनिटे भाजावे. मध्यभागी खुपसलेली विणकामाची स्वच्छ सुई कोरडी बाहेर आली, म्हणजे केक झाला.

घरात ओव्हन नसला तरी अडत नाही. जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात वाळूचा थर पसरून वर तिवई ठेवावी, झाकण लावून पातेले दहा मिनिटे तापवावे आणि मग मंद आचेवर आत केकचा डबा ठेवावा. अशा केकचा वरचा भाग फिकट राहतो. कारण तपकिरी रंग व खमंग वास निर्माण करणारी प्रथिने व शर्करा यांची अभिक्रिया कोरड्या, कडक उष्णतेत वेगाने होते. लुई कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 मध्ये तिचे वर्णन केले. गोव्यातील घरांत बेबिंक करताना वरूनही निखाऱ्यांची धग देण्याची प्रथा आहे. अंड्याचा बलक आणि नारळाचा रस घातलेला एकेक थर वरच्या आचेने तांबूस होतो, तो याच कारणाने.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

मिश्रणाचे भांडे चाटण्याची मुलांना मोठी आवड असते. ती मात्र आवरली पाहिजे. कच्च्या अंड्यात साल्मोनेला नावाचे रोगजंतू असू शकतात आणि लहान मुले, गरोदर स्त्रिया व वृद्ध यांना त्यांपासून विशेष धोका असतो. कच्चा मैदाही निर्जंतुक नसतो. पूर्ण भाजलेल्या केकचा मध्यभाग 90 अंशांच्या वर तापलेला असतो. तेथे हे जंतू जगत नाहीत. तडकलेली अंडी घेऊ नयेत. विष्ठा वा माती लागलेली अंडी साठविण्यापूर्वी कोरड्या कापडाने पुसावीत. धुतल्याने कवचावरील संरक्षक थर निघून जातो आणि जंतूंना छिद्रांची वाट मोकळी होते. अंडी हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

दुसरी गोष्ट आहाराची. या केकचे आठ तुकडे केल्यास प्रत्येकात अर्धे अंडे, म्हणजे अंड्याचे सुमारे दोन ग्रॅम प्रथिन येते. त्याबरोबर 20 ग्रॅम साखर आणि 20 ग्रॅम लोणीही येते. म्हणून केक हा सणासमारंभाचा जिन्नस आहे. रोजचे पोषण उकडलेल्या अंड्याने अधिक स्वस्तात होते.

पण वाढदिवस वर्षातून एकदाच येतो. त्या दिवशी मुलांना तराजूपाशी बसवावे. अंडी पाण्यात सोडून ताजे कोणते हे त्यांनाच ओळखू द्यावे. फेस का चढतो आणि केक का फुगतो, हे त्यांच्याशी बोलावे. परसातील कोंबडीचे अंडे, मूठभर मैदा आणि थोडी उष्णता एवढ्या सामग्रीत रसायनशास्त्राचा एक धडा सामावलेला असतो, आणि धडा संपताच तो खाताही येतो.