यादी कुणाची, प्रभाग कुणी ठरवले? महापालिका निवडणुकीतले गैरसमज आणि वस्तुस्थिती

कोल्हापूर महापालिकेच्या मागच्या सभागृहाची मुदत 15 नोव्हेंबर 2020 रोजी संपली. पुढचं मतदान झालं 15 जानेवारी 2026 रोजी. मधली पाच वर्षं दोन महिने शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. मंगळवार पेठेत गटार तुंबलं, पाणी आलं नाही, तर लोक जायचे माजी नगरसेवकाकडे, आणि त्याच्या हातात अधिकार काहीच नव्हते. टोल हटवणाऱ्या आणि सर्किट बेंच मिळवणाऱ्या या शहराला मागणी लावून धरायची कशी, हे शिकवायला नको. पण निवडणूक सुधारणांच्या बाबतीत मागणी कुणाकडे करायची, इथेच आपली गल्लत होते. मिरजकर तिकटीच्या चहाच्या टपरीपासून मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत फिरणारे काही समज म्हणूनच तपासून घ्यायला हवेत.

गैरसमज: महापालिकेची निवडणूक कधी घ्यायची, ही सरकारची मर्जी.

तसं अजिबात नाही. राज्यघटनेच्या कलम 243-यू नुसार महापालिकेची मुदत पाच वर्षांची, आणि ती संपण्याआधी निवडणूक पूर्ण व्हायलाच हवी. किशनसिंग तोमर खटल्यात 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट शब्दांत सांगितलं. मग कोल्हापूरला इतकी वर्षं का लागली? आधी कोरोना आला. मग मार्च 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओबीसी आरक्षणासाठी तीन अटींची ‘ट्रिपल टेस्ट’ सक्तीची केली. त्याच काळात प्रभाग एका सदस्याचा, तीन की चार सदस्यांचा, यावर सरकारं बदलतील तसे निर्णय बदलत गेले. मार्च 2022 मध्ये विधिमंडळाने कायदा दुरुस्त करून प्रभागरचनेचा अधिकार राज्य सरकारकडे घेतला. अखेर 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्यायला सांगितलं आणि पुढे 31 जानेवारी 2026 ही शेवटची मुदत घालून दिली.

माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत मोठी सुधारणा इथेच हवी आहे. मुदत संपायच्या वर्षभर आधी प्रभागरचना गोठवावी, नंतर कुणाचंही सरकार आलं तरी तिला हात लागू नये. ही मागणी निवडणूक आयोगाकडे करून उपयोग नाही. ती आपल्या आमदाराकडे करायची, कारण कायदा विधिमंडळात होतो.

गैरसमज: राज्य निवडणूक आयोग मतदार यादी तयार करतो, म्हणून घोळही त्याचाच.

राज्य निवडणूक आयोग महापालिकेसाठी वेगळी यादी बनवत नाही. तो भारत निवडणूक आयोगाची विधानसभेची यादी घेतो आणि प्रभागांनुसार तिचे तुकडे करतो. 2026 च्या निवडणुकीसाठी 1 जुलै 2025 रोजीची यादी धरली होती. प्रारूप प्रभाग यादीवर हरकत घेता येते ती तीनच गोष्टींवर: लेखनिकाची चूक, भलत्याच प्रभागात गेलेलं नाव, किंवा विधानसभेच्या यादीत असूनही इथे सुटलेलं नाव. मयताचं नाव काढणं किंवा नव्या मतदाराचं नाव घालणं या टप्प्यावर होतच नाही. दुबार नावांपुढे आयोगाने दोन तारे छापले ते म्हणूनच. नाव खोडायचा अधिकार त्याच्याकडे नव्हता, खूण करून मतदाराकडून एकाच ठिकाणी मतदानाची लेखी हमी घेणं एवढंच त्याच्या हाती होतं.

पेठेतला आणखी एक गोंधळ इथेच सांगतो. घरपट्टीच्या पावतीवर ‘बी वॉर्ड, मंगळवार पेठ’ असतं, म्हणून काहीजण मतदान यंत्रावरची ‘ब’ जागा आपली समजतात. पत्त्यातला वॉर्ड जुना, महसुली सोयीचा. ‘ब’ ही प्रभागातली एक जागा. दोन्हींचा काही संबंध नाही.

गैरसमज: चार मतं आहेत, तर चारही आपल्याच माणसाला देता येतात.

2015 ला एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडायचा होता, त्यामुळे 2026 ला अनेकजण यंत्रापुढे थबकले. यावेळी 81 नगरसेवकांसाठी 20 प्रभाग होते, बहुतेक चार सदस्यांचे. अ, ब, क, ड या चार स्वतंत्र निवडणुका असतात. अ ची मतपत्रिका पांढरी, ब ची फिकी गुलाबी, क ची फिकी पिवळी, ड ची फिकी निळी. प्रत्येक जागेला एकच मत. एखाद्या जागेसाठी कुणीच पसंत नसेल तर तिथे ‘नोटा’ (वरीलपैकी कुणीही नाही) दाबायचं, मधेच निघून यायचं नाही.

गैरसमज: यादीत नाव नसलं तरी आधार दाखवून ‘चॅलेंज व्होट’ करता येतं, आणि 14 टक्के ‘टेंडर व्होट’ पडली की फेरमतदान होतं.

प्रत्येक निवडणुकीत हा मेसेज नव्याने फिरतो. तो सपशेल खोटा आहे. यादीत नाव नसेल तर मत नाही. चॅलेंज म्हणजे मतदाराच्या ओळखीवर मतदान प्रतिनिधीने घेतलेला आक्षेप. आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर प्रदत्त मत (टेंडर व्होट) कागदावर देता येतं, ते पाकिटात वेगळं ठेवतात. त्या मतांच्या टक्केवारीवरून फेरमतदान घ्यायचा कुठलाही नियम नाही.

गैरसमज: नोटाला जास्त मतं पडली की सगळे उमेदवार बाद.

याचं उत्तर निवडणुकीनुसार बदलतं. नोटा मिळाला तो सर्वोच्च न्यायालयाच्या 27 सप्टेंबर 2013 च्या निकालाने. विधानसभेत त्याचा निकालावर परिणाम होत नाही. लातूर ग्रामीणमध्ये 2019 ला नोटा 27,500 मतं मिळवून दुसऱ्या क्रमांकावर होता. तो पहिला आला असता, तरी त्याच्या खालोखालचा उमेदवारच आमदार झाला असता. स्थानिक निवडणुकांसाठी मात्र राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर 2018 मध्ये आदेश काढला: नोटाला सर्वाधिक मतं पडली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची. म्हणजे महापालिकेत आपल्या नकाराला वजन आहे. फक्त उमेदवार बिनविरोध आला तर ते बटण दाबायची वेळच येत नाही. जानेवारी 2026 मध्ये कल्याण-डोंबिवलीसह राज्यात बऱ्याच ठिकाणी तसंच झालं. एकच उमेदवार उरला तरी त्याच्यासमोर नोटा ठेवून मतदान घ्यावं, ही मागणी मला पूर्ण रास्त वाटते.

गैरसमज: उमेदवाराची माहिती मिळवायला ओळख लागते.

अहमदाबादच्या आयआयएममधल्या काही प्राध्यापकांनी पुढाकार घेऊन ‘असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स’ ही संस्था काढली आणि उमेदवारांची माहिती जाहीर व्हावी म्हणून 1999 साली ती कोर्टात गेली. 2002 चा निकाल त्यांच्या बाजूने लागला. सरकारने वटहुकूम काढून तो बोथट करायचा प्रयत्न केला, तोही 13 मार्च 2003 ला टिकला नाही. तेव्हापासून गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण शपथपत्रात लिहावं लागतं, आणि ते कुणालाही वाचता येतं. नुसता गुन्हा दाखल असला म्हणून उमेदवारी बाद होत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. म्हणून तर ते शपथपत्र वाचणं आपलं काम.

विधानसभेची यादी वर्षभर दुरुस्त होत असते. नवं नाव घालायला नमुना 6, कुणाच्या नावावर हरकत घ्यायला किंवा ते वगळायला 7, पत्ता बदलायला किंवा चूक सुधारायला 8. तालमीने, मंडळाने एखाद्या रविवारी आपल्या गल्लीची यादी घेऊन बसावं, मयत आणि स्थलांतरितांची नावं शोधावीत, अर्ज भरून मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याच्या (बीएलओ) हाती द्यावेत. निवडणूक जाहीर झाल्यावर हे करून उपयोग नाही. या महिन्यातच करा.