हलकी रायफल : खांदा आणि कान

आपल्या समाजाचा बंदुकीशी जो काही संबंध आला तो पलटणीमुळे, शिकारीमुळे नव्हे. मुंबई इलाख्याच्या देशी पलटणींतून आपल्या अनेक पूर्वजांनी इमानेइतबारे नोकरी केली. मी स्वतः पलटणीत गेलो नाही. तथापि कॉलेजात असताना एन.सी.सी.त थ्री-नॉट-थ्री रायफल पुष्कळदा चालविली आणि पुढे पेनसिल्व्हेनियात स्थायिक झाल्यावर कारखान्यातील सोबत्यांबरोबर रविवारी चांदमारीस जाण्याचा छंद लावून घेतला. त्या छंदाची किंमत मी आजही भरीत आहे. म्हणूनच, गेल्या वर्षी माझ्या नातीने “आजोबा, मला हरणाच्या शिकारीसाठी हलकी रायफल घ्यायची आहे, तुम्ही बरोबर चला,” असे म्हटले, तेव्हा मी आनंदलो नाही.

प्रथम धर्माची अडचण पुढे केली. अठराव्या शतकातील प्रागचे रब्बी येहेज्केल लांदाऊ यांनी केवळ करमणुकीसाठी शिकार करण्याविरुद्ध स्पष्ट मत दिले आहे. तोरात शिकारी म्हणून आढळतात ते निम्रोद आणि एसाव, याकडे त्यांनी लक्ष वेधले आहे. शिवाय हरीण हा प्राणी शुद्ध असला तरी गोळीने मारलेले हरीण कोशेर होत नाही. नात वनशास्त्र शिकते. तिचे उत्तर तयार होते : येथील अरण्यांत लांडगे उरलेले नाहीत, हरणे वाढली की झाडांची रोपे वर येऊ देत नाहीत, म्हणून राज्य सरकार दरवर्षी शिकारीचे परवाने देते, आणि मांस गरजूंच्या अन्नछत्रांना पोचविणारी संस्था या राज्यात १९९१ पासून काम करीत आहे. या उत्तराने रब्बींचे समाधान झाले असते की नाही हे मी सांगू शकत नाही. माझे झाले, निदान अर्धे.

दुकानात गेलो. विक्रेता मोठा अदबशीर. त्याने नातीच्या चणीकडे पाहिले (ती जेमतेम पाच फूट एक इंच) आणि अडीच किलोहूनही कमी वजनाची एक सुरेख रायफल तिच्या हाती ठेवली. “बाईंना हलकी वस्तू बरी,” असा एकंदर सूर. काडतूस कोणते म्हणून विचारता उत्तर आले : .३०० विंचेस्टर मॅग्नम. मी नातीच्या हातातून रायफल घेऊन परत फळीवर ठेवली.

हिशेब शाळेत शिकविलेलाच आहे. गोळी आणि दारूचा वायू जितक्या संवेगाने पुढे जातात, तितक्याच संवेगाने रायफल मागे येते. यालाच प्रतिक्षेप म्हणतात. आपल्या बोलीत मागचा धक्का. संवेग तोच राहिला आणि रायफलीचे वजन घटले तर तिचा वेग वाढतो. आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत असल्यामुळे चार किलोची रायफल तीन किलोची केली की खांद्यावर येणारी ऊर्जा एक तृतीयांशाने वाढते. साधे .३०८ विंचेस्टर काडतूस घेतले तर दुर्बिणीसह चार किलोच्या रायफलीत ही ऊर्जा सुमारे १७ ज्यूल भरते, तीन किलोच्या रायफलीत सुमारे २३. त्याच तीन किलोंत .३०० मॅग्नम घातले तर आकडा ४५ च्या आसपास जातो. सारांश, दिवसभर डोंगर चढताना जे वजन वाचले, त्याचा वचपा चाप ओढताच निघतो. मग हा वचपा माणसाला सोसेल इतकाच ठेवण्याचे साधन कोणते? काडतूस.

हा धडा सैन्यालाही गिरवावा लागला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस इंग्रजांनी जंगलातील लढाईसाठी थ्री-नॉट-थ्रीचीच एक छोटी आवृत्ती काढली. सैनिक तिला जंगल कार्बाइन म्हणत. वजन चार किलोंवरून सव्वातीनवर आणले, नळी आखूड केली, काडतूस मात्र तेच. धक्का शोषण्यासाठी दस्त्याला रबराची गादी लावली, पण ती दस्त्याहून अरुंद. त्यामुळे सगळा मार थोड्याशाच जागेत बसू लागला. नळीच्या तोंडाशी भडका दिसू नये म्हणून नसराळे बसवावे लागले, ते वेगळेच.

नातीसाठी आम्ही शेवटी .२४३ विंचेस्टर निवडले. १९५५ साली निघालेले हे काडतूस .३०८ च्याच पुंगळीचे तोंड निमुळते करून बनविलेले आहे. तीन किलोच्या रायफलीत याचा धक्का १४ ज्यूलच्या घरात राहतो आणि पांढऱ्या शेपटीच्या हरणाला, नेम योग्य जागी असल्यास, ते पुरेसे आहे. ज्यांना थोडी अधिक जड गोळी हवी त्यांनी त्याच कुळातील ७ मिलिमीटर-०८ पाहावे. रायफल बोल्टची, दुर्बिणीसह तीन किलोंची घेतली. याहून हलकी घेण्यात मला शहाणपण दिसत नाही. हलकी रायफल नेम धरताना श्वासागणिक हलते, तिला स्थिरपणा नसतो.

वजनापेक्षा मापाकडे मात्र लोकांचे दुर्लक्ष होते. बाजारातील दस्ता चापापासून मागच्या टोकापर्यंत साधारण ३५ सेंटिमीटर असतो. तो धिप्पाड माणसाच्या हाताला बेतलेला. नातीला तो खांद्यात नीट बसेना, दंडावर टेकू लागला. आम्ही दोन सेंटिमीटरांनी आखूड दस्ता मागविला व त्याला मऊ रबराची रुंद गादी लावली. दुर्बीणही डोळ्यापासून आठ-नऊ सेंटिमीटर दूर राहील अशी बसविली, कारण हलकी रायफल झपाट्याने मागे येते आणि दुर्बिणीची कड भुवई फोडते. चांदमारीवर अशा अर्धचंद्राकृती खुणा मिरविणारे बरेच जण मी पाहिले आहेत.

धक्क्यापेक्षा धक्क्याचे भय वाईट. मन आधीच दचकते, डोळे मिटतात, चाप हिसक्याने ओढला जातो आणि गोळी खाली जाते. हे तपासण्याची एक जुनी युक्ती आहे. सोबत्याने पाठमोरे उभे राहून रायफल भरावी. कधी खरे काडतूस घालावे, कधी दारू नसलेले खोटे. नेमबाजाला आत काय आहे ठाऊक नसते. खोट्या काडतुसावर चाप पडला आणि नळीचे तोंड खाली झुकले, की चोर सापडला! नातीची नळी पहिल्या दिवशी चक्क चार बोटे झुकली. मी तिला दोन आठवडे फक्त .२२ ची लहान रायफल दिली आणि नंतर पुन्हा .२४३, तीही एका बैठकीत दहा-बारा गोळ्यांपेक्षा जास्त नाही. पातळ नळी लवकर तापते. तीन गोळ्यांनंतर ती थंड होऊ द्यावी, खांद्यालाही तेवढीच विश्रांती. टेबलावर छाती टेकून झाडण्यापेक्षा बसून वा उभ्याने झाडावे. शरीर मागे झुकते, धक्का वाटून जातो.

आता कानाविषयी. एन.सी.सी.त आमच्या कानांना संरक्षण म्हणजे कापसाचा बोळा, तोही मागितला तर. कापसाने आवाज फारसा अडत नाही. चांदमारीहून परतल्यावर रात्रीपर्यंत कान किणकिणत. आम्ही त्यात पौरुष मानीत असू. शिकारी रायफलीचा आवाज कानाशी सुमारे १६० डेसिबल असतो. अशा क्षणिक स्फोटासाठी १४० ही धोक्याची रेषा मानतात. वीस डेसिबलांचा फरक म्हणजे हवेचा दाब दहापट. आंतरकर्णाच्या शंखात सुमारे १५,००० केशपेशी असतात. त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. एकच गोळीदेखील कायमचे नुकसान करू शकते. उजव्या हाताने झाडणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, म्हणून तो आधी जातो. माझाही डावाच गेला.

बहिरेपण म्हणजे सगळेच आवाज मंद होणे, अशी समजूत असते. तसे नाही. उंच पट्टीचे आवाज आधी जातात. स्वर ऐकू येतात. स, श, फ ही अक्षरे गळून पडतात. पत्नी बोलते ते मला कळते, सवयीने; नात बोलते ते निम्मे कळते. शुक्रवारी संध्याकाळी घरातले सगळे ‘शब्बाथ शालोम’ म्हणतात, त्यातला ‘श’ मी ओठांवरून ओळखतो. आणि ती किणकिण आता रात्री थांबत नाही.

म्हणून नातीला एकच अट घातली : चांदमारीवर फोमचे बोळे आणि वर इअरमफ, दोन्ही. दोन्हींची बेरीज होत नाही, अधिक चांगल्यावर चार-पाच डेसिबल वाढतात, इतकेच. परंतु तेवढे हवेत. बोळा बोटांत वळून अगदी बारीक करावा, दुसऱ्या हाताने कान वर व मागे ओढावा, आत सारून फुगेपर्यंत धरून ठेवावा. अर्धवट खुपसलेला बोळा शोभेचा. शिकारीत मात्र लोक कान उघडे ठेवतात, कारण पाचोळ्यातली चाहूल ऐकायची असते. त्यासाठी आता इलेक्ट्रॉनिक इअरमफ मिळतात. ते मंद आवाज मोठा करतात आणि स्फोट होताच दार बंद करतात. रायफलीहून ते कितीतरी स्वस्त आहेत.

धक्का कमी व्हावा म्हणून नळीच्या तोंडाशी ‘मझल ब्रेक’ बसविण्याचा मोह हलक्या रायफलीवाल्यांना होतो. तो वायू बाजूला व मागे वळवितो. खांदा सुखावतो, पण आवाज झाडणाऱ्याच्या आणि शेजाऱ्याच्या कानावर अधिक जोराने आदळतो. मी तो बसवू दिला नाही. सायलेन्सर निराळा : तो आवाज २० ते ३० डेसिबलांनी उतरवितो, फिनलंड आणि नॉर्वेमध्ये शिकारी तो सर्रास वापरतात. मात्र नळी लांब व जड होते, आणि इअरमफ तरीही लागतोच.

या राज्यात हरणांचा हंगाम २०१९ पासून थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो; त्यापूर्वी सोमवारी होत असे. शब्बाथ पाळून नात सोमवारी निघाली. डोक्याला आणि छातीपाठीला भडक नारिंगी कपडे, गळ्यात इअरमफ. तीन दिवस डोंगरात फिरून बुधवारी रात्री परत आली. हरणे दिसली, नेम धरण्याजोगे एकही नाही. एकही गोळी झाडली नाही. रायफलीच्या वजनाबद्दल तिची काही तक्रार नव्हती.